नानांचं एक्सचेंज

गिरधरने प्लग ओढून काढला, वायरीचं वेटोळं केलं आणि त्यावर रबर चढवलं. टेबलावरचा काळा डबा जराशी घरघर करून गप्प झाला.

"ताई, हाऊ डबा आते कसाले ठेवाना? घडीघडी आपोआप बंद पडस. नाना व्हतात तवलोंग ठीक व्हतं."

रंजिता उंबऱ्यावर उभी होती. डब्यावर वडिलांचं, नानांचं, उपरणं पसरलेलं होतं, दोन्ही बाजूंनी टेबलापर्यंत ओघळलेलं. तेरावं झाल्यावर आईने, शोभाबाईंनी, ते तिथे टाकलं, आणि वर भिंतीवर नानांचा फोटो लावला. गिरधरने वायर मागून काढली. उपरण्याला हात लावला नाही. त्या घरात उन्हाळ्यापासून कुणीच लावला नव्हता.

"गाना शेतस त्यामा," ती म्हणाली.

"समदा वर चढाई दिधात मी. इंटरनेटवर शेतस. सुरतमा बठीसन बी आयकू येतीन. डिस्क आज ना उद्या मरसच, ताई. मंग काय करशी? मन्हा दोस्त मांगी ऱ्हायना, उद्या जाता जाता त्याले देई टाकस."

सुरतहून आलेल्या धाकट्या भावाचं बोलणं चुकीचं नव्हतं. रंजिता धुळ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. वाळवीने खाल्लेली आणि गळक्या छताने भिजवलेली, दोन्ही तऱ्हेची पुस्तकं तिने हाताळली होती. एकाच जागी ठेवलेली वस्तू कधीतरी जाणारच, हे तिला भावापेक्षा जास्त माहीत होतं. तरी 'घेऊन जा' हे शब्द तिच्या तोंडून निघेनात. ती नुसती ते वेटोळं बघत राहिली.

नाना टेलिफोन खात्यात होते. प्रकाशा गावच्या जुन्या एक्सचेंजमध्ये त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर शहाद्याहून एकेक भाग आणून त्यांनी हा डबा, घरातच गाणी-व्हिडिओ साठवणारा छोटा कॉम्प्युटर, जोडला आणि गल्लीभर सांगितलं, आपल्या घरी एक्सचेंज बसलं. मग कुणाचं लग्न, कुणाचं जावळ, कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, सगळं त्यात जाऊ लागलं. आणि शोभाबाईंची गाणी. भाकरी थापताना, लसूण सोलताना, त्या गुणगुणू लागल्या की नाना फोन घेऊन रेकॉर्ड करायला मागे उभे.

बाहेरून चपला काढल्याचा आवाज आला. शेजारच्या मीनाबाई. दोन घरांत भिंत एकच, भावकी मात्र वेगळी. हाताला नैवेद्याच्या रोटांचं पीठ लागलेलं तसंच होतं.

"शोभाआक्का, आज मन्हाघर कानबाई. नथ घाली, नारळ सजाडीसन समदं तयार शे. पन म्हननारी कोनी नही. या नव्या सुना टाया वाजाडतीन. गानं कोन म्हनी?"

शोभाबाई स्वयंपाकघरातून दारापर्यंत आल्या. त्याच्या पुढे आल्या नाहीत.

"माले यंदा चालत नही वं, मीना. साल फिरू दे."

कानबाई म्हणजे श्रावणात घरोघरी नारळाच्या रूपात बसणारी खानदेशची देवी; ज्या घरात मयत झालं त्या घरी वर्षभर ती बसत नाही, आणि त्या घरची बाई दुसऱ्याच्या कानबाईपुढे तोंड उघडत नाही. मीनाबाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. एरवी दर श्रावणात गल्लीतल्या प्रत्येक कानबाईपुढे पहिलं गाणं शोभाबाईंचंच असे. बाकीच्या फक्त मागून म्हणत. पुढची ओळ कोणती, याची काळजी कुणी कधी केलीच नव्हती.

मीनाबाई क्षणभर पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, तू नको येऊ. तुन्हा आवाज धाडी दे."

"काकू, हाई काम मन्हं," गिरधर पुढे झाला. "भूमिकाना फोनवर लिंक धाडस. दाबं का गानं सुरू."

त्याने लगेच धाडलीही. मीनाबाई सुनेचं, भूमिकाचं, नाव घेत, कौतुकाने, परत गेल्या. गिरधरने बहिणीकडे पाहिलं आणि वेटोळं आपल्या बॅगेवर ठेवलं.

दिवेलागणीला रंजिता शेजारी गेली. तिला गायचं नव्हतं, नुसतं मागे बसायचं होतं. ओसरीपासून आतपर्यंत बायका दाटीने बसल्या होत्या. चौरंगावर कानबाई, डोळे रेखलेली, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ. भूमिकाने फोन मोठ्या स्पीकरला जोडला आणि लिंक दाबली. पडद्यावर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला.

"सडकवर खंदी ऱ्हायनात ना, केबल तुटनी," दारातून कुणीतरी म्हणालं. "दुपारथून समदा गावनं नेट बंद शे."

"मोबाईलनं?"

"त्याले बी दम नही."

गिरधर फोन उंच धरून अंगणात गेला, ओट्यावर चढला, उतरला. आत एक म्हातारी म्हणाली, "काय वं मीना, कानबाईले मुकी बसाडशी का यंदा?" दोघी-तिघी हसल्या, मीनाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या घरी कानबाई पहिल्यांदाच बसली होती. वाटणी होऊन थोरल्या दिराकडून यंदा त्यांच्याकडे आली होती, आणि थोरली जाऊ समोरच भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसली होती.

रंजिता उठली.

घरात येताच तिने बॅगेवरचं वेटोळं उचललं आणि रबर काढलं. गिरधर तिच्या मागोमाग आला होता.

"ताई, नेटच नही. तो डबा काय करी?"

आतून शोभाबाईंचा आवाज आला. त्या मंद गॅसवर दूध ठेवत होत्या. "आते सांगस का नेट नही? बापसारखाच शे. दूध उतू गया का मंग सांगस."

रंजिता वायर सोडवत होती. तापीला पूर आला की शहाद्याकडची लाइन तुटायची, तेव्हा बाहेरगावचे फोन बंद पडत. पण गावातल्या गावात घंटी वाजत राहायची. अशा दिवसांत नाना घरी येऊन पाय धूत आणि ऐटीत सांगत, 'लाइन गई. एक्सचेंज नही गयं.'

"भाऊ, शेजारी जावाले सुरतवरतून कसाले जाना?" ती म्हणाली आणि प्लग लावला.

डबा घरघरला. हिरवा दिवा लागला. तिच्या फोनवर डब्याचं स्वतःचं, बाहेरच्या नेटशिवाय चालणारं वायफाय आलं, मग गाण्यांची नावं आली, नानांनीच देवनागरीत टाकलेली. ती एका नावावर बोट ठेवणार तोच पंखा जोरात ओरडला आणि सगळं बंद पडलं.

"दखं?" गिरधर म्हणाला.

तिने डब्यावर हात ठेवला. उपरण्यावरूनही चटका बसला. दुपारभर बंद असलेला डबा, आत्ता चालू केला, आणि लगेच इतका गरम. तिने वाकून पाहिलं. डाव्या बाजूला जाळी, उजव्या बाजूला जाळी, आणि दोन्हींवर नीट ताणून सोडलेलं कापड. शोभाबाई रोज सकाळी ते सारखं करत. आत्ताही, स्वयंपाकघरातून येऊन, त्यांनी सवयीने टोक ओढलं.

रंजिताने आईचा हात हलकेच बाजूला केला. मग उपरणं उचललं.

"धूळ बसी ना," शोभाबाई म्हणाल्या.

"बसू दे माय. त्याले वारा लागस."

शोभाबाईंनी डब्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं.

"मन्हामुये बंद पडे का वं तो?"

रंजिताने टेबलफॅन ओढून डब्यासमोर ठेवला आणि पूर्ण वेगाने लावला. "श्रावणमा बी उकाडा कितला शे," ती म्हणाली.

उपरणं कुठे ठेवावं हे न सुचून शोभाबाईंनी ते आपल्याच खांद्यावर टाकलं.

डबा निवायला वेळ लागला. शेजारून टाळ्यांचा आवाज येत होता, गाण्याशिवायच्या टाळ्या. मग रंजिताने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि राहिला. ती अंगणाच्या भिंतीवरून ओरडली, "भूमिका, वायफाय दख! 'एक्सचेंज' शे का?"

"शे ना ताई! आपोआप लागी गयं, नानासनी टाकी देयेल व्हतं मन्हा फोनमा!"

तिने यादीतल्या पहिल्याच गाण्यावर बोट ठेवलं असावं, आणि भिंतीपलीकडून शोभाबाई गाऊ लागल्या.

*तापीना काठवर कोन उतरनी वं,*
*कानबाई माय मन्ही पाव्हनी वं...*

आवाज मोठा, मोकळा, थोडा खरखरीत. पहिली ओळ एकटीच गेली. दुसरीला पाच-सहा जणी मिळाल्या. तिसऱ्या ओळीला भिंत थरथरेल असा सगळ्यांचा आवाज उठला. त्यात मीनाबाईंचा होता, आणि रंजिताच्या कानाची खात्री होती की थोरल्या जावेचाही होता.

शोभाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. ओठ मिटलेले. गिरधर म्हणाला, "म्हन ना माय. आठे कोन आयकस?"

"माले बंदी शे," त्या म्हणाल्या. मग भिंतीकडे मान करून, "तिले थोडी शे!"

पलीकडे कडवं रंगात आलं, टाळ्या वाढल्या, आणि ऐन भरात नानांचा आवाज घुमला:

"ओ, थांब वं! दूध उतू जाई ऱ्हायनं!"

शेजारी टाळ्या थांबल्या. रंजिताने टेबलाची कड धरली. गिरधर फोटोकडे बघत होता. मग मीनाबाईंचा खणखणीत आवाज आला, "जाऊ द्या नाना! आज गानं थांबाव नही!" आणि सगळं घर हसू लागलं, लहान पोरींपासून त्या म्हातारीपर्यंत. हसण्यातूनच गाणं पुन्हा वर आलं.

गिरधरने नाक पुसलं. बॅगेवर पडलेलं रबर उचललं, बोटांत गुंडाळलं, खिशात टाकलं.

"ताई, एक डिस्क आखो आनस मी. एक आठे, एक सुरतले." थोडं थांबून, "मन्हाघरथून लागी का एक्सचेंज?"

"लाइन ऱ्हायनी तं लागी."

शोभाबाई मधेच उठल्या होत्या. नानांचा आवाज ऐकून त्या नेहमी जशा धावत तशाच स्वयंपाकघरात गेल्या होत्या. रंजिता मागे गेली. दूध पातेल्याच्या काठाशी टम्म येऊन उभं होतं. शोभाबाईंनी गॅस बंद केला, खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्या टोकाने पातेलं धरलं आणि खाली उतरवलं. ओट्यावर एक थेंब नव्हता.

त्या तशाच, दोन्ही हातांत उपरणं धरून, ओट्याकडे बघत राहिल्या.

"आज वेळवर सांगं त्यासनी," त्या म्हणाल्या.