सुतातली गाठ

...गाठ होती. मोहरीएवढीही नाही, पण आनंदाबाईंच्या अंगठ्याला ती लागली आणि अंगठा तिथंच थांबला. सूत त्यांनीच कातलेलं, आठवडाभर दुपारी चरख्यावर बसून, लेकाच्या, प्रेमदासच्या नव्या घरातल्या परित्राणपाठासाठी. आपल्या सुताला गाठ नसते म्हणून त्या मनातल्या मनात किती मिरवायच्या... आणि आज, बोरगाव मेघेतल्या या दोन खोल्यांतला चुन्याचा ओला वासही गेला नव्हता, तोच पाण्याच्या मडक्याला गुंडाळलेल्या सुताचं टोक भंतेजींनी त्यांच्या हाती दिलं, आणि नेमकी ही गाठ.

टोक पुढं द्यायचं. पाठ संपेपर्यंत घरातल्या सगळ्यांनी एकच सूत धरून बसायचं. त्यांनी ते विशाखाकडे, लेकीकडे सरकवलं. ती सकाळच्या पहिल्या एस.टी.नं तळेगावहून आली होती. वेचणी नुकती लागलेली, बोटांवर बोंडांचे ओरखडे. तिच्या शेजारी तानबा, आनंदाबाईंचा धाकटा दीर. त्याला प्रेमदासनं बोलावलं होतं, आईला न विचारता.

विशाखानं काकाकडे पाहिलंही नाही. त्याच्या मांडीवरून हात लांबवून तिनं टोक सरळ पलीकडे बसलेल्या शेजारच्या बंडूजींच्या हातात ठेवलं. तानबानं पुढं केलेला हात मागं घेऊन गुडघ्यावर ठेवला, जणू तो पहिल्यापासून तिथंच होता. पोरगी चुकली असं बंडूजींना वाटलं. काकाले दे नं, म्हणाले.

“राहू द्या, बंडूजी,” विशाखा हळूच म्हणाली, “ऐन वेळेवर काका नसतेच.”

आनंदाबाईंनी मान वर केली. हे वाक्य त्यांचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा. विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत, नऊ वर्षं त्या तेच म्हणत आल्या होत्या.

सत्त्याहत्तर साल, मार्च महिना. विशाखा मॅट्रिकला बसलेली, वस्तीतली पहिली पोर; वर्ध्याला गणिताचा पेपर, आणि पोरीला सायकलवर देवळीपर्यंत नेऊन एस.टी.त बसवायचं तानबानं कबूल केलेलं. पण आदल्या संध्याकाळी अंगणात तो हसत म्हणाला होता, वयनी, पोरीले मास्तरीण करून कोणाच्या घरी धाडता? — थट्टाच ती, त्याचा स्वभावच तसा, पण ती आनंदाबाईंच्या डोक्यात रात्रभर घोळत राहिली, आणि उजाडता उजाडता तो दारात आला, दोन्ही चाकांत हवा भरून, मागच्या कॅरिअरवर पोरीला बसायला पोत्याची घडी बांधून...

आला होता तो.

“तुया सायकलीची गरज नाई आमाले,” असं त्याच म्हणाल्या होत्या. विशाखा तेव्हा परसातल्या न्हाणीत होती. तानबा सायकल वळवून गेला. मायलेकी चालत फाट्यावर गेल्या. गाडी भरून आली, थांबली नाही. दुसरी आली तेव्हा पेपरची वेळ निघून गेली होती. परतताना पोरीनं विचारलं, काका काऊन नाई आले, माय? — आणि तोंडातून दोनच शब्द गेले: नाई आला. ऑक्टोबरात पुन्हा बसता आलं असतं, पण मे महिन्यात तिचं लग्न लागलं.

पुढं एकदा विहिरीवर त्या तेच सांगत असताना तानबानं ते ऐकलं. एकदा वहिनीकडे पाहिलं आणि गप्प राहिला. नऊ वर्षं गप्प. त्या गप्प राहण्याचाच त्यांना जास्त राग यायचा.

मागच्या रविवारी विहारात भंतेजी सांगत होते, राग आला की हाकलू नका, पाव्हण्याला विचारतो तसं विचारा, बाबा, तू कोणत्या गावचा? मागून कुणी बाई म्हणाली, अन् चहा बी मांगन तो, भंतेजी. सगळ्या हसल्या, आनंदाबाईही हसल्या. मग आठवडाभर चरख्यावर बसून त्या विचारत राहिल्या, आणि राग रोज एकच गाव सांगायचा: तानबाचं. पण आज विशाखाच्या ओरखडलेल्या बोटांत त्यांनी तो पाहिला, आपल्याकडूनच तिच्याकडे गेलेला, आपल्याच शब्दांत बोलणारा. पुन्हा विचारलं, आणि तो त्यांना थेट त्या अंगणात घेऊन गेला, पोत्याच्या त्या घडीपाशी.

सांगायचं? मग पोरगी काकाकडे फिरवते तशी आपल्याकडेच पाठ फिरवणार. वर्षातून दोनदा येते, डोक्याला तेल लावते, माय, किती केस गेले तुये, म्हणते... तेवढंच तर उरलंय. आणि नाही सांगितलं तर?

भंतेजींनी पंचशील सुरू केलं. आनंदाबाईंचा आवाज नेहमी सगळ्यांच्या पुढं. वस्तीतल्या बायका त्यांच्या मागून म्हणायला शिकल्या होत्या. पहिलं शील झालं. दुसरं, तिसरं. मग चौथं, मुसावादा... खोटं बोलणार नाही...

ओठ उघडले नाहीत. बाकीचे आवाज पुढं निघून गेले. त्यांच्याएवढीच जागा त्यात रिकामी राहिली. विशाखानं चमकून वळून पाहिलं. तानबानंही पाहिलं, आणि मान खाली घातली.

दोघींमधलं सूत ताणलं गेलं होतं. गाठ अजून अंगठ्याखाली होती. इतका वेळ त्या नखानं ती दाबून सपाट करू पाहत होत्या, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी नख उचललं, आणि सूत नुसतं धरून राहिल्या.