राहिलेला ठोका

गोपाळनाना पोटफोड्यांच्या दहाव्याचं भांडं दुपारी बाराच्या सुमारास आळीच्या दोन्ही टोकांना टेकलं, आणि तरीही ते पुरं व्हायचं नाव घेईना. मुकुंद वडके तेव्हा सगळ्यांच्या मागे, हातोडी मांडीवर घेऊन बसला होता आणि स्वच्छ असलेला चष्मा पुन्हा पुसत होता.

तांबट आळीत सोळा घरं. कोणी गेलं की दहाव्या दिवशी सगळी आळी चौकात जमते. मधोमध तांब्याचा कोरा पत्रा ठेवतात आणि गेलेल्या माणसाची एकेक आठवण सांगून प्रत्येक जण एकेक ठोका देतो. एकाने आतून हातात मावेल अशी ऐरण धरायची, दुसऱ्याने बाहेरून मारायचं, ही या कामाची साधी रीत. आठवण खरी असली तर ठोका बसतो, पत्रा तेवढा वळतो आणि त्यावर चिंचोक्याएवढा चकचकीत मठार, म्हणजे ठोक्याची खूण, उमटतो. आठवण खोटी असली तर हातोडी उलटून येते. खोट्याच्या कपाळी गोटा ही म्हण इतर गावांत पोरांना पुस्तकातून शिकवतात, तांबट आळीत धोंडूअण्णांच्या कपाळावरचं टेंगूळ दाखवून शिकवतात. अण्णा आळीतले सगळ्यात वडील. मेहुण्याच्या दहाव्याला ते ‘माणूस फार उदार होता’ असं बोलून गेले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. ते टेंगूळ काही अजून उतरलेलं नाही.

शेवटची आठवण ठोकली गेली की काठ वळतो आणि भांडं पुरं होतं. कोणाचं कोणतं भांडं होणार हे आधी सांगता येत नाही.

यंदा संक्रांतीपासून आळीने तीन माणसं गमावली. पहिल्या गेल्या वच्छीमावशी. बेचाळीस वर्षं त्यांनी गावाच्या भांड्यांना कल्हई केली, आणि त्यांच्या हातचं भांडं असताना कोणाच्या घरी ताक कळकलं असं कोणी ऐकलं नाही. तोंडाने मात्र मावशी फाटक्या. गिऱ्हाइकाला, भात्याला, नवसागराला, सगळ्यांना सारख्याच शिव्या. पण लग्न होऊन जाणाऱ्या पोरीची भांडी आली की गप्प बसून त्यांना दोनदा कल्हई करायच्या, कारण सासरी चार दिवस तरी पोरीला बोल लागू नये. हे दहाव्याला अकरा बायकांनी सांगितलं. प्रत्येकीला वाटत होतं की मावशींनी हे फक्त आपल्यासाठीच केलं. मावशींची तपेली झाली, अगदी बेताची. तिच्यात आमटी केली की शेवटचा माणूस जेवेपर्यंत ती तळ दाखवत नाही, आणि तो जेवला की लगेच दाखवते. उरलेलं शिळं मावशींना कधी खपलं नव्हतं.

मग बाबू करडे गेला. सायकलवर अकरा हंडे बांधून घाट उतरणारा तालुक्यात तो एकटाच. बाजारात गिऱ्हाइकाने भांडं उचललं की बाबू स्वतःच सांगायचा, ‘ते नको, ते दोन वर्षांत गळेल, हे घ्या.’ अशाने धंदा होतो होय, असं सगळे म्हणत. पण चाळीस गावांतली माणसं बाबूची सायकल दिसल्याशिवाय हंडा घेत नसत, हेही खरं. त्याची कळशी झाली. ती दर बुधवारी सकाळी बाजाराला जाते आणि दिवस मावळायच्या आत परत येते, जरा धुळकट होऊन. सून तिला चिंच लावून घासते आणि जागेवर ठेवते.

आणि तिसरे गोपाळनाना. त्यांच्याबद्दल आळीला जो अभिमान होता तो कोणी लपवतही नव्हतं. नाना तिशीतच पार बहिरे झाले. तसं आळीत सगळ्यांनाच कमी ऐकू येतं, जन्मभर ठोक्यांच्या शेजारी बसल्यावर दुसरं काय होणार, आणि म्हणून इथे साधं ‘चहा घेता का’ सुद्धा भांडल्यासारखं विचारतात. पण नानांना एक अक्षर ऐकू येत नसे, आणि तरी आळीतला प्रत्येक पोरगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. पोराच्या हाती हातोडी द्यायची आणि आपण भांड्याच्या पोटात हात घालून ऐरण धरायची. ठोका नीट बसला की नाना ऐरण दोन बोटं डावीकडे सरकवायचे. म्हणजे पुढचा इथे. चुकला तर ऐरण हलायची नाही. नाना कधी रागावले नाहीत, शाबासही म्हणाले नाहीत. ऐरण सरकली यात काय ते आलं.

धोंडूअण्णांनी पहिली आठवण सांगितली. स्टील आलं आणि तांब्याला कोणी विचारीना, तेव्हा नानांनी एकेक तांब्या सात घरांतून फिरवला. तळ एका घरी, पोट दुसऱ्या, गळा तिसऱ्या, घासायला चौथ्या. एकट्याने दोन दिवसांत केला असता असा तांब्या नऊ दिवस फिरायचा आणि सात घरांत चूल पेटायची. अण्णांचा ठोका असा बसला की पत्रा एका दमात परातीएवढा खोल झाला. सिंधूवहिनी म्हणजे नानांची बायको. त्यांनी सांगितलं की लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा त्या जात्यावर ओव्या म्हणत होत्या, तेव्हा नाना येऊन बसले आणि त्यांच्या गळ्याला दोन बोटं लावून सगळ्या ओव्या त्यांनी बोटांनी ऐकल्या. मग पंचेचाळीस वर्षं रोज ऐकल्या. वहिनींचाही ठोका बसला.

मुकुंदनेही ठोका दिला होता. ‘नानांनी मला हातोडी धरायला शिकवली,’ असं तो म्हणाला. ते खरंच होतं. मठार उमटला, जरा लहान. आपली पाळी झाली असं मनाशी म्हणत मुकुंद मागे जाऊन बसला.

पण त्याच्याकडे आणखी एक ठोका होता, आणि तो सव्वीस वर्षांचा होता. जिल्ह्याच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत एक घंगाळ आहे. त्याच्यावर आठ हजार मठार आहेत आणि दोन सारखे नाहीत, तरी लांबून पाहिलं तर पाण्यावरून वारा जातोय असं वाटतं. खाली पट्टी आहे, कारागीर मुकुंद वडके. ते घंगाळ नानांनी केलं. चार महिने नाना बाहेरून मारत होते आणि मुकुंद आतून ऐरण धरत होता. काम संपलं त्या दिवशी नाना हात धुवायला गेले, जाताना हातोडी मुकुंदकडे देऊन गेले, आणि तेवढ्यात प्रदर्शनाचे साहेब वही घेऊन आळीत शिरले. त्यांनी विचारलं, हे कोणी केलं? हातोडी हातात होती. मुकुंद म्हणाला, मी.

एवढंच. त्यानंतर प्रशस्तिपत्रक आलं, फोटो आला, दारावर ‘घंगाळवाले वडके’ अशी पाटी लागली. त्याची बायको हिरा रोज सकाळी देवांच्या आधी ती फ्रेम पुसते. नातीने शाळेत आजोबांवर भाषण केलं. नानांनी तर दुसऱ्याच दिवशी पेढे आणून मुकुंदच्या तोंडात घातले होते. बहिऱ्या माणसाला काही कळलं नाही, अशी मुकुंदने स्वतःची समजूत घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायला आता नानाच नव्हते, मग कोणासाठी उघडायची?

दीडशे ठोके झाले, दोनशे झाले. प्रत्येक ठोका बसत होता, पण काठ वळण्याऐवजी भांडं पसरत होतं. लोक बसल्या जागेवरून मागे सरकले, मग ओट्यांवर चढले, मग भांडं ओट्यांच्या खालून पलीकडे गेलं आणि सोळाही घरं त्याच्या आत आली. एकच्या सुमारास त्याच्या कडा कौलांच्या वर गेल्या. बाहेरून पोस्टमनने हाका मारल्या आणि काठावरून टपाल आत टाकलं. एक पत्र करड्यांचं होतं, ते त्यांना दिलं. दोन वाजता कडा आत वळायला लागल्या. त्यांना वळायला कोणी सांगितलं नव्हतं. आभाळ आधी अंगणाएवढं राहिलं, मग परातीएवढं.

बायकांनी कंदील लावले. मावशींच्या तपेलीत आमटी शिजवली आणि सगळ्यांना वाढली. तपेलीने या वेळी तळ दाखवलाच नाही. कोणीतरी जेवायचं राहिलं होतं. मुकुंदचं पान समोर तसंच होतं.

अण्णा उभे राहिले. एक ठोका राहिलाय, ज्याच्याकडे असेल त्याने द्यावा, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग लोकांनी सांगितलेल्याच आठवणी पुन्हा सांगून पाहिल्या. हातोडी उलटली नाही, पण ठोका बसलाही नाही. पत्रा नुसता घुमला. त्याचं कारणही अण्णांनी सांगितलं. आता सगळेच आत आहेत, आणि आतून मारायचं तर ऐरण बाहेरून धरायला हवी. बाहेर कोण आहे?

हे ऐकून मुकुंदला बरं वाटलं. मग आपण सांगूनही काय उपयोग, असा विचार त्याने केला, आणि तो विचार इतका सोयीचा होता की त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने मान वर केली. चहूबाजूंनी मठारच मठार होते, आणि प्रत्येकात कंदिलाच्या उजेडात तो स्वतः दिसत होता, चिंचोक्याएवढा, मांडीवर हातोडी घेतलेला.

सिंधूवहिनी येऊन शेजारी बसल्या.

“भावोजी, त्या दिवशी हे हात धुवायला गेले होते ना?”

मुकुंद म्हणाला, “हो.”

“रांजणापाशी उभे होते. ऐकू येत नव्हतं, पण ओठ वाचायचे ते. लांबूनही.”

मुकुंदने विचारलं, “मग पेढे कशाला आणले?”

“मी पण तेच विचारलं होतं. म्हणाले, त्याचा एक ठोका राहिलाय. देईल तो.”

“कधी देईल, ते नाही म्हणाले?”

“त्यांना कुठे घाई असायची,” वहिनी म्हणाल्या, आणि उठून आपल्या जागेवर गेल्या.

वर आभाळ आता चाळणीएवढं उरलं होतं. मुकुंदला रडू आलं. सव्वीस वर्षं हा माणूस रोज सकाळी समोरच्या ओट्यावर बसून हात वर करत होता आणि मुकुंदही हात वर करत होता, आणि त्या हातात एकदाही कसला हिशेब नव्हता. असा माणूस आपल्या समोर राहत होता. मुकुंद उठला. हिरा त्याच्याकडे पाहत होती, आणि काही चांगलंच कानी पडणार अशा तयारीने तिने पदर सावरला होता.

“संग्रहालयातलं घंगाळ नानांनी केलंय,” मुकुंद म्हणाला.

अण्णांनी कानामागे हात धरला. “काय म्हणतोस?”

तांबट आळीत हळू आवाजात कबुली देता येत नाही. मुकुंदला तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, आणि करड्यांच्या ओट्यापर्यंत पोचलं नाही म्हणून तिसऱ्यांदा, छातीतून ओरडून. ठोके सगळे नानांचे, मी फक्त ऐरण धरली, साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, असंही त्याने ओरडून सांगितलं. पत्रा घुमत राहिला. घुमणं थांबल्यावर नातीने आजीचा हात धरला. हिरा घरात गेली, फ्रेम घेऊन बाहेर आली आणि ती उलटी करून ओट्यावर ठेवली.

“ठोका दे,” अण्णा म्हणाले, “पण ऐरण कोण धरणार?”

मुकुंद चालत भांड्याच्या भिंतीपर्यंत गेला, जिथे एक जागा कोरी राहिली होती, आणि त्याने हातोडी उचलली. पलीकडे कोणी नसेल तर पत्रा दबतो, उसळतो आणि मनगटाला झिणझिण्या येतात, हे त्याला माहीत होतं. त्याने मनगट सैल सोडलं आणि मारलं.

ठोका बसला. हाताला कळतं ते. पलीकडे लोखंड होतं आणि ते लोखंड कोणीतरी घट्ट धरलं होतं.

चिंचोक्याएवढा मठार उमटला. सगळ्यांनी वर पाहिलं, तर काठ आत यायचा थांबला होता, आभाळ चाळणीएवढंच होतं, पण भांडं अजून पुरं झालं नव्हतं. मुकुंदने तळहात पत्र्यावर टेकवला. पत्र्याच्या पलीकडे ऐरण दोन बोटं डावीकडे सरकली आणि थांबली. पुढचा इथे.