पाचवीचा दिवा

आमचं बिऱ्हाड दवाखान्याच्या डबागाडीत होतं. पुढे मोटार, मागे तिला जोडलेली ही डबागाडी. तिच्या अर्ध्या भागात औषधं, अर्ध्यात आम्ही. कुंडलिक, म्हणजे आमच्या घरचे, ती मोटार हाकायचे. शहापूर, मुरबाड, मधली गावं. स्पिरिटच्या बाटल्यांमुळे आत तेलाचा दिवा लावायची मनाई, म्हणून बाकाखालच्या बॅटरीवर एक बल्ब जळायचा.

गाडी मुरबाडजवळच्या एका पाड्याबाहेर उभी होती, तिथंच माझी लेक झाली. पाचवी पुजायला सासूबाई आल्या, धोंडीबाई. पाचवीला दिवा जाऊ द्यायचा नाही, सटवाई कपाळावर लिहून जाईपर्यंत. आणि नेमका दिवस मावळताना बल्ब गेला.

कुंडलिकांनी बाकाखालच्या फ्यूजच्या पेटीचं झाकण काढून पाहिलं. "फ्यूज उडाला."

"म्हंजे काय रं?" सासूबाईंनी विचारलं.

"बारीक तार असते आये. कुठं घोटाळा झाला का ती आधी जळते, म्हणून बाकीची वाचते. दाराकडची वायर घासलीय वाटतं. फ्यूजची तार संपली, गावातून आणतो. तोवर कुणी हात नका लावू."

"न् दिवा?"

"येतो ना लगेच!"

ते गेले. सासूबाई दारात बसून पुटपुटत राहिल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "गेल्या पोराच्या पाचवीला बी दिवा फडफडला व्हता. आठवतं का गो?"

मला आठवत होतं. दिवा फडफडला नव्हता. सकाळपर्यंत चांगला जळत होता, तरी महिन्याच्या आत माझा लेक गेला. त्या दिवसापासून माझ्या आत काही हलत नव्हतं. या पोरीला पाजत होते, पुसत होते, तिची बोटं एकेक उलगडून बघत होते. सुंदर बोटं. वाटत काही नव्हतं.

सासूबाईंनी बाळाच्या हातात घालायला तांब्याच्या तारेचं वळं आणलं होतं. ते त्यांनी उलगडून सरळ केलं.

"अहो, हात लावू नका म्हणालेत."

"गप गो. देवीपुढची वस्तू हाय, ती काय जळतीय?"

त्यांनी ती जाड तार फ्यूजच्या जागी खोचली. बल्ब लागला, जरा तांबूस. त्या हात जोडून हसल्या. "बघ! तुज्या नवऱ्याला आता मोटारबी मीच शिकवते."

त्यांनी पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं. मला रबराचा वास आला. पोरगी निजली होती त्या फळीमागून वायर गेली होती. फळीच्या फटीतून धूर येत होता, उदबत्तीसारखा, सरळ. मी बघत बसले. तो माझ्या लेकीच्या टाळूपर्यंत आला, तरी मी बघतच होते. मग तिला ठसका लागला.

मी बाकाखाली वाकले आणि तांब्याची तार ओढून काढली. बोटांना चटका बसला, सालपट निघालं. अंधार झाला.

"काय केलंस गो! दिवा घालवलास!"

"तुमच्या दिव्यानं पोरगी भाजली असती."

"आता सटवाय लिवंल कशी?"

"नाय लिहिलं तरी चालेल." मी पोरीला उराशी धरून खाली उतरू लागले.

"पाचवीला, तिन्हीसांजेला बाहेर काढतीस? ओल्या बाळंतिणीनं..." त्या पदराला धरून मागे ओढत होत्या, मी तशीच उतरले. आत धूर कोंडला होता. शेवटी त्यांनाही खोकला आला, तेव्हा पाटा पोटाशी धरून त्याही बाहेर आल्या आणि माझ्यापासून लांब, पाठ करून बसल्या.

कुंडलिक आले. आत जाऊन वास घेतला, काळी पडलेली फळी चाचपली, मग बाहेर येऊन आमच्या तिघींकडं बघत उभे राहिले. हातात नवी तार होती.

"बसवू?" त्यांनी मलाच विचारलं.

"आधी ती घासलेली वायर बघा. उद्या उजेडात."

मला तेव्हाही रडू आलं नाही. पोरगी मात्र ताठ होऊन रडत होती, आणि मी तिला गप्प करायची घाई केली नाही.