चौतीस इंचांचा ओटा

घर बांधायचं ठरलं तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली होती. स्वयंपाकघरातला ओटा आपल्या उंचीचा हवा. बाकी तुम्हाला करायचं ते करा, म्हणाली. खिडक्या लाकडाच्या करा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या, भिंतींना हवा तो रंग फासा, मी तोंड उघडणार नाही. ओटा तेवढा तीस इंचांचा करा.

मागणं जगावेगळं नव्हतं. तिची उंची चार फूट सात इंच. लग्नानंतरची बावीस वर्षं भाड्याच्या चार घरांत गेली, आणि चारही घरांतले ओटे कुणा ताडमाड बाईसाठी बांधलेले होते. किंवा कुणा पुरुषाने बाईला न विचारता बांधले होते, ज्याची शक्यता जास्त. साबणाच्या वड्यांचं एक लाकडी खोकं ती प्रत्येक घरात सोबत नेत आली होती. ते पालथं घालायचं, त्यावर चढायचं, पीठ मळायचं, डबा काढायला खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. या बावीस वर्षांत ती तीनदा पडली. एकदा मनगट मोडलं. उजवा खांदा तर कायमचा कामातून गेला होता. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसे.

"तीस तर तीस," नवरा म्हणाला होता. "त्यात काय एवढं."

नवरा यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस. दिवसभर हातात कॅलिपर घेऊन बसायचं, येणारा प्रत्येक तुकडा मापायचा, बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी लावायची, केसाइतका फरक निघाला तर लाल. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, पगार घरात. पण लाल चिठ्ठी लावायची सवय हाडीमाशी खिळलेली. बांधकामावरच्या माणसांनी पहिल्या आठवड्यातच त्याचं नाव 'मिलिमीटर' ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे तीसुद्धा मनातल्या मनात त्याला तेच म्हणायला लागली.

ठेकेदाराचा आकडा ऐकून मिलिमीटरने सरळ नकार दिला होता. माल आपण आणायचा, मजुरी रोजच्या रोज द्यायची, देखरेख स्वतः करायची. पाचवा हिस्सा वाचतो, असा त्याचा हिशोब. कागदावर तो बरोबरच होता. फक्त एक गोष्ट त्यात धरली नव्हती, ती म्हणजे तो स्वतः. पूर्वेकडची भिंत त्याने दोनदा पाडायला लावली. मोरीच्या दोनशे टाइल्स एकेक करून मापल्या आणि एक्केचाळीस परत पाठवल्या. दुकानदाराने त्या मुकाट घेतल्या आणि मग त्याला दुकानात उभं करणं बंद केलं. गिलावा खरवडला, परत केला, परत खरवडला. कारखान्यात नापास माल भट्टीत जायचा आणि खर्च मालकाच्या डोक्यावर. इथे मालक आपणच आहोत हे त्याच्या ध्यानात यायला स्लॅबपर्यंत जावं लागलं. तोवर वाचलेला पाचवा हिस्सा उडून गेला होता आणि वर आणखी थोडे गेले होते.

बँकेचं कर्ज दोघांच्या पगारावर मिळालं होतं. पैसे तीन टप्प्यांत यायचे: जोतं झाल्यावर, स्लॅब झाल्यावर आणि शेवटचा टप्पा घर पुरं झाल्यावर, बँकेचा माणूस येऊन पाहून गेला की. मध्येच पैसे संपले तेव्हा तिने आपल्या पतपेढीतून कर्ज उचललं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापणीच्या टेबलावर होती. सात वर्षं पगारातून हप्ता कापला जाणार होता. तिने सही करताना कुणाला काही ऐकवलं नाही. आपला ओटा त्या कर्जातून होतोय, एवढं मात्र तिने स्वतःशी ठरवून टाकलं.

ओट्याचं काम निघालं त्या दिवशी ती दुपारीच बांधकामावर गेली. गवंडी म्हातारा होता, कमी बोलायचा, मिलिमीटरची बोलणी या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचा.

"ताई, चपला काढा आणि इथे भिंतीला टेकून उभ्या राहा," तो म्हणाला.

"कशाला?"

"उभ्या तर राहा. आता हात दुमडा. पीठ मळताय असं समजा."

तिने हात दुमडले. त्याने तिच्या कोपराखाली आपली मूठ धरली आणि मुठीच्या खाली लाल पेन्सिलीने भिंतीवर रेघ ओढली. मग टेप लावली. बरोबर तीस.

"कोपराखाली एक मूठ. मी ओटे असेच बांधतो. घरातली बाई उभी करायची, खूण मारायची. टेप नंतर."

"साहेब काही बोलले तर?"

"साहेबांना स्वयंपाक येतो का?"

"चहासुद्धा नाही."

"मग झालं तर," म्हणून तो विटा भिजवायला गेला.

ती त्या रेघेपाशी जरा वेळ उभीच राहिली. आपलं कोपर कुठे येतं हे आजवर कुणी बघितलं नव्हतं. नाही म्हणायला एकदा बघितलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी ती कारखान्यात नवी असताना टाचा उंचावून कापड कापत होती. मुकादमाने ते पाहिलं, सुतार बोलावला आणि टेबलाचे पाय कापून घेतले. ना अर्ज, ना चर्चा. अर्ध्या तासाचं काम. त्या मुकादमाला तिचं पूर्ण नावसुद्धा ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ती मोरीत जाऊन रडली होती, कशाने ते तिलाच कळलं नव्हतं. आज कळलं.

ओट्यावर काय बसवायचं याचा वाद मात्र झाला. तिला साधी फरशी चालली असती. मिलिमीटरला काळं ग्रॅनाइटच हवं होतं. कड सरळ येते, म्हणाला. पैशांचा तर खडखडाट होता. शेवटी तीच म्हणाली, मी जादा पाळी करते. शाळा उघडायचा हंगाम तोंडावर होता, कारखान्यात गणवेशांचे ढीग पडले होते, हातांना मागणी होती. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत, असे दहा दिवस. पाय सुजून चपलेत मावेनात. या दहा दिवसांत तिला बांधकामावर फिरकता आलं नाही.

अकराव्या दिवशी ती गेली. दारातच तुटक्या विटांचा आणि सिमेंटच्या ढेकळांचा ढीग होता. असे ढीग पाहायची तिला सवय झाली होती, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. आत ओटा चकाकत होता. ती हात पुसत त्याच्यापाशी गेली, हात दुमडला, आणि कड थेट कोपराशी आली.

तिला वाटलं, आपण वाकून उभ्या आहोत. ताठ झाली. पुन्हा तेच. भिंतीवरची लाल रेघ नव्हतीच. तिथे टाइल बसली होती.

म्हातारा गवंडी बाहेर पायरीवर बसला होता. त्याने वर बघितलं नाही. "ताई, मी तीसचाच बांधला होता. साहेबांनी परवा फोडायला लावला. माझी मजुरी दोनदा दिली, मी हात चालवला. चुकलं माझं."

मिलिमीटर संध्याकाळी आला तेव्हा ती ओट्याला टेकून तशीच उभी होती. त्याला वाटलं, ग्रॅनाइट बघतेय.

"कड बघितलीस? या टोकापासून त्या टोकापर्यंत फरक शून्य."

"हा तीसचा आहे?"

"चौतीस. तीस कुठल्याच पुस्तकात नाही, मी सगळीकडे बघितलं. स्टँडर्ड चौतीस आहे."

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"तेव्हा मी पुस्तक बघितलं नव्हतं." त्याने डबा खाली ठेवला आणि समजावायला घेतलं. "हे बघ. बँकेचा माणूस येणार. शेवटचा हप्ता त्याच्या सहीवर. त्याने बघितलं, ओटा असा बुटका, तर किंमत कमी धरेल. आणि उद्या घर विकायची वेळ आली तर? घेणाऱ्याची बायको काय म्हणेल?"

"घेणाऱ्याची बायको?"

"हो मग. तिला चालायला नको?"

"कोण ती?"

"अगं, कोणीही असेल."

"आणि मी?"

त्याचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. चढला नाही. कारखान्यात नव्या पोराला शिकवताना तो जसा बोलत असे, तसाच मऊपणे म्हणाला, "तू स्टँडर्डमध्ये बसत नाहीस ना. त्याला कोण काय करणार?"

तिने विचारलं, फोडून परत बांधायला किती लागले. त्याने आकडा सांगितला. दहा दिवसांच्या जादा पाळीचे जेवढे आले होते, त्याहून थोडे जास्तच.

बँकेचा माणूस आला त्या दिवशी तिने मुद्दाम अर्धी रजा टाकली. ज्याच्यासाठी आपला ओटा फुटला, तो माणूस तिला डोळे भरून बघायचा होता. तो मोटरसायकलवरून आला. हेल्मेट काढलंच नाही, नुसती काच वर केली. बाहेरून चार फोटो काढले, आत डोकावून खोल्या मोजल्या, नळाला पाणी येतं का विचारलं. बूट चिखलाने भरलेले म्हणून स्वयंपाकघराच्या दारातूनच मागे वळला.

"आत बघायचं नाही?" तिने विचारलं.

"स्वयंपाकघर आहे ना? मग झालं."

"ओट्याच्या उंचीचं काही असतं का तुमच्या कागदावर?"

"कसली उंची?" त्याने खरोखरच न कळून विचारलं.

मिलिमीटर खिडकीची कडी वरखाली करून बघत होता. कडी चांगली होती, तो मात्र बराच वेळ ती तपासत राहिला. बँकेचा माणूस आला तसा गेला. सगळं मिळून पंधरा मिनिटंही लागली नसतील.

शेवटचा हप्ता आला आणि ते राहायला आले. सामान लावताना ती ते साबणाचं खोकं शोधत होती, तर मिलिमीटर हसत हसत कारखान्यातून एक बोचकं घेऊन आला.

"फेकलं ते मी. हे बघ काय आणलंय तुझ्यासाठी."

पायरी होती ती. सागाची, चार बाजूंनी रंधा मारलेली, कोपरे गोल केलेले, खाली रबराचे पाय. वर ओट्याच्या उरलेल्या ग्रॅनाइटचा तुकडा बसवलेला, ओट्याला शोभेल असा. गेले पंधरा दिवस तो जेवणाच्या सुट्टीत हेच करत होता. चेहरा असा फुलला होता की तिला क्षणभर त्याची कीव आली.

"चढ की," म्हणाला.

ती चढली. पायरी जरासुद्धा डुगडुगली नाही. तिने हात दुमडला. कोपराखाली बरोबर एक मूठ.

"एकशे एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर," तो म्हणाला. "चौतीस वजा तीस. म्हाताऱ्याने भिंतीवर खूण केली होती ना, ती ओटा फोडण्याआधी मी मापून वहीत टिपून घेतली. म्हटलं, तुझं माप चुकायला नको."

म्हणजे त्याला माप ठाऊक होतं. वेंधळेपणाने झालं असतं, विसरून झालं असतं, तर तिने सोडून दिलं असतं. बावीस वर्षांत असलं बरंच सोडून दिलं होतं. पण या माणसाने आपल्या बायकोचं कोपर मिलिमीटरपर्यंत मोजलं होतं, वहीत टिपलं होतं आणि मग ओटा फोडायला सांगितला होता. तिच्या वाटचे चार इंच त्याने न आलेल्या गिऱ्हाइकाच्या बायकोला दिले होते आणि हिच्या पायाखाली लाकूड सरकवलं होतं. तिला इतका राग आला की कानात दडे बसल्यासारखं झालं.

ती खाली उतरली. पायरी उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली.

"अगं, काय झालं? हलते का?"

"नाही. उत्तम आहे. चपला ठेवायला होईल."

"आणि ओटा?"

"ओटा तुमच्या मापाचा आहे. उद्यापासून स्वयंपाक तुम्ही करायचा. तुम्ही स्टँडर्डमध्ये बसता."

तो हसला. गंमत वाटली त्याला. सकाळी ती आपल्या वेळेला उठली, आवरलं आणि शेगडी न पेटवता कामावर गेली, तेव्हा हसू मावळलं. दोन दिवस तो खानावळीतून डबा घेऊन आला. तिसऱ्या दिवशी चिडला, चौथ्या दिवशी रुसला. तिने भीक घातली नाही. आठवड्याने त्याने स्वतः भात लावला आणि करपवला, पुढच्या आठवड्यात नाही करपवला. महिन्याभरात त्याला जमायला लागलं. भाजीचे तुकडे असे एकसारखे चिरायचा की कॅलिपर लावून बघावेत. स्वयंपाकघरात ती पाण्याच्या तांब्यापुरती जायची.

एका संध्याकाळी ती कामावरून येऊन बसली होती. आतून त्याचा आवाज आला, अगदी मनापासून आलेला.

"ओटा काय झकास झालाय गं! तासभर उभा आहे, पण खांदा नाही, पाठ नाही, काही दुखत नाही."

ओट्याने खांदा दुखतो, पाठ दुखते, हे बावीस वर्षं ती सांगत होती. त्याला ते आज पटलं, तेही स्वतःचं काही दुखलं नाही म्हणून.

ती उजवा खांदा दाबत बसून राहिली. पतपेढीचे साडेसहा वर्षांचे हप्ते अजून जायचे होते.