दीड घोडा

आमच्या दीपकच्या मुलाचं, रुद्रचं, जावळ काढलं त्या चैत्रातली ही गोष्ट. साल दोन हजार तेवीस. जावळ भैरवनाथाच्या जत्रेतच काढायचं, असं आमच्या मालकांनी सुनेला बजावून सांगितलं होतं. सुनेला वाटलं, आजोबांना नातवाचं कौतुक. मला माहीत होतं की कौतुक घोड्याचं आहे. जावळाला पाहुणे येणार, आलेले पाहुणे जत्रेला थांबणार, आणि जत्रेत त्यांचा घोडा, वादळ, पळणार.

मालकांचं नाव खंडेराव. आमचं गाव देवळाली कॅम्पच्या पलीकडे, दारणा नदीच्या काठाला. काही वर्षांमागे मालकांना छातीचं दुखणं निघालं. नाशिकच्या डॉक्टरांनी आत जाळी बसवली आणि रोज चालायला सांगितलं. मालक चालेनात. उन्हं अंगावर येईपर्यंत पलंगावर पडून भिंतीकडे बघत राहायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, नाही म्हटलं तर तसेच. मग एका मंगळवारी ते दीपकला घेऊन येवल्याच्या घोडेबाजारात गेले आणि एक तांबडा घोडा घेऊन आले. उंच, मानेला बाक, कपाळावर पांढरा पट्टा. विकणाऱ्याने सांगितलं होतं की याचा बाप मुंबईच्या रेसमध्ये पळायचा. खरंखोटं करायला बाप काही बाजारात आलेला नव्हता. मालकांनी मात्र ती गोष्ट घरी पोचायच्या आतच निम्म्या तालुक्याला सांगितली.

त्या दिवसापासून मालक कोंबड्याच्या आधी उठायला लागले. घोड्याला फिरवायचे, खरारा करायचे, त्याच्याशी बोलायचे. माझ्याशी त्यांचं इतकं बोलणं कधी झालं नाही, पण माणूस पलंगावरून उठला होता. मला तेवढं पुरे होतं.

वादळ मळ्याच्या रस्त्यावर सकाळी असा पळायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. जत्रेत मात्र त्याचं काय व्हायचं कोण जाणे. एकदा शेवटून तिसरा आला, एकदा शेवटून दुसरा. तरीही दरवेळी सगळ्यांत जास्त नारळ त्याच्यावरच पडायचे.

नारळाचं सांगते. आमच्या जत्रेत पैशाची पैज नसते. पाराजवळ प्रत्येक घोड्याच्या नावाची टोपली ठेवतात. ज्याला जो घोडा जिंकेल असं वाटतं, त्याच्या टोपलीत त्याने नारळ टाकायचा. जो घोडा जिंकेल त्याच्या टोपलीवाल्यांनी सगळ्या टोपल्यांतले नारळ वाटून घ्यायचे. आणि नारळ टाकला की त्या घोड्याला स्वतःच्या हाताने गूळ आणि भिजवलेले हरभरे चारायचे. त्याशिवाय नारळ लागू होत नाही, अशी जुनी समजूत आहे.

वादळवर सगळ्यात जास्त तोंडसुख घेणारा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ पुंजाराम. तो नाशिक रोडला असतो. लग्नाच्या वरातीला घोडे आणि बग्गी भाड्याने देतो. जावळाच्या दोन दिवस आधी तो आला आणि चहाचा कप हातात घेतल्याघेतल्या मेव्हण्या-मेव्हण्यांची जुंपली.

पुंजारामचं म्हणणं असं की वादळच्या नावाचा नुसता बोभाटा झालाय. मालकांचं म्हणणं असं की एवढं गाव नारळ टाकतं ते काय वेडं आहे. पुंजाराम म्हणाला की वेडं नाही, पण प्रत्येक जण दुसऱ्याची टोपली बघून आपला नारळ टाकतो, आणि पहिला नारळ घोड्याच्या मालकाचाच असतो.

"दाजी, घोडा वाईट हाय असं मी म्हणतच नाय," तो म्हणाला. "घोडा घोडाच हाय. तुमच्या तोंडानं तो दीड घोडा झालाय. पळायला लागला की वरचा अर्धा गळून पडतो."

मालकांचा कप बशीवर आपटला.

"आन समजा जिंकला," पुंजाराम थांबेना, "तर काय मिळणार? सगळ्या गावानं त्याच्यावरच टाकलेला. वाटणी केली की ज्याचा नारळ त्याच्या घरी. हरला तर तोबी गेला. असल्या घोड्यावर टाकण्यापरीस नारळाची चटणी वाटलेली बरी."

मालकांना हिशेब कळला नाही, पण अपमान कळला. ते उठून अंगणात गेले. शेजारपाजारचे चारजण बसलेले होते, त्यांच्यासमोर त्यांनी शब्द टाकला की यंदा वादळ हरला तर तो पुंजारामला वरातीसाठी फुकट देऊन टाकीन, आणि जिंकला तर पुंजारामने पुन्हा या अंगणात घोड्याचं नाव काढायचं नाही. पुंजारामने सगळ्यांदेखत हातावर हात मारला.

घोडा गेला की पलंग आणि भिंत पुन्हा आलीच.

पुंजारामला वादळ हवा होता, हे उघड होतं. असा देखणा घोडा वरातीत उभा केला की नवऱ्या मुलाकडे कोण बघतं? दुसऱ्या दिवशी तो पारावर जाऊन लोकांना सांगायला लागला की वादळवर नारळ वाया घालवू नका. त्याचा परिणाम उलटाच झाला. लोक म्हणाले, हा घोड्याचा व्यापारी, याला घोडा पाहिजे म्हणून नावं ठेवतोय, म्हणजे घोड्यात नक्की दम आहे. ज्यांनी फकिराच्या तट्टाणीवर टाकायचं ठरवलं होतं तेही वादळकडे वळले. फकिरा म्हणजे आमच्या गावचा वीटभट्टीवाला. त्याची तट्टाणी एरवी चारा वाहायची आणि दिसायलाही तशीच होती.

मी भाकरी थापता थापता विचार करत होते. मळ्यावर पळणारा घोडा जत्रेतच का पळत नाही? रस्ता तसाच, घोडा तोच, पाठीवर बसणारा मंगळूही तोच. मग एकदम डोक्यात आलं. सकाळी घोडा उपाशी असतो. जत्रेत त्याच्यावर सगळ्यांचे नारळ, म्हणजे सगळ्यांचा गूळ आणि सगळ्यांचे हरभरे त्याच्याच पोटात. पंगतीतून उठलेल्या माणसाला पळ म्हटलं तर तो पळेल का? लोकांनी जीव लावून लावूनच त्याला पाडला होता. जितके नारळ जास्त, तितका घोडा जड.

मालकांना हे सांगितलं तर ते माझ्यावरच चिडले. देवाच्या दारात आलेला हात मागे फिरवायचा नसतो म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. घोड्यासमोर लागलेली ती रांग बघायला ते वर्षभर थांबायचे. मग मी त्यांना पुढचं काही सांगितलंच नाही.

पुंजारामकडे बग्गीला जुंपायची एक तांबडी घोडी होती, लाली. मी त्याला म्हटलं, जावळ काढल्यावर रुद्रला घोड्यावर बसवून देवाला न्यायचंय, वादळ काही तान्ह्या पोराला जवळ येऊ देत नाही, तुझी लाली मागव. बिचाऱ्याने लगेच टेम्पोतून मागवली.

जत्रेच्या सकाळी मंगळूला हाताशी धरलं. वादळला त्याने उसाच्या आड नेऊन बांधला, नुसतं पाणी दाखवलं. लालीच्या कपाळावर मी चुन्याचा पट्टा ओढला आणि अंगावर गुडघ्यापर्यंत येणारी भरजरी झूल टाकली. मग तिला देवळाजवळ, पारावरच्या लिंबाखाली, वादळच्या टोपलीशेजारी उभी केली. मालक तेव्हा पाहुण्यांना फेटे बांधण्यात गुंतले होते. मी त्यांना बजावलं होतं की आज शुभ वेळेपर्यंत मालकाने घोड्याचं तोंड बघायचं नाही, भगताने सांगितलंय. कुठल्या भगताने, हे त्यांनी विचारलं नाही.

रांग लागली. लोक येत होते, नारळ टाकत होते, पट्ट्याला हात लावून नमस्कार करत होते आणि लालीच्या तोंडात गूळ कोंबत होते. मागच्या वर्षापेक्षा तब्येत सुधारली, असं एकाने सांगितलं. दुसरा म्हणाला, डोळ्यांतच मुंबई दिसते. पट्ट्याच्या खाली एकानेही पाहिलं नाही. लालीने जन्मात इतका गूळ बघितला नव्हता. ती डोळे मिटून खात होती.

गर्दी पांगत आली तेव्हा उपरण्याखाली काहीतरी लपवून पुंजाराम आला. मी तिथे बसलेय हे त्याने बघितलं नव्हतं. इकडे तिकडे पाहून त्याने वादळच्या टोपलीत हळूच नारळ सोडला, खिशातून गुळाचा खडा काढला आणि घोड्याच्या तोंडापुढे धरला. मग त्याचा हात तसाच राहिला. लालीने त्याला ओळखून फुरफुर केलं.

तो वळला. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आक्का," तो म्हणाला, "तुझा घोडा आज घोडी झाला."

"आन तुझा नारळ कुणाच्या टोपलीत गेला?"

तो खाली माझ्याजवळ बसला आणि अगदी हळू आवाजात सांगायला लागला की वादळ हरला तर घोडा मिळेल, जिंकला तर नारळ मिळेल, दोन्हीकडून त्याचाच फायदा. मी म्हटलं, सगळ्या गावाने त्याच्यावरच टाकलेत, जिंकला तरी तुझाच नारळ तुझ्या घरी, हे तूच परवा चहा पिताना शिकवलंस. मग मी त्याला पोटाचा सगळा प्रकार सांगितला. ऐकताना त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी ओरडले तर त्याचा नारळ बाहेर येणार, तो ओरडला तर माझी घोडी बाहेर येणार. दोघेही गप्प बसलो. जाताना त्याने हातातला गूळ लालीलाच चारला. म्हणाला, "घरचं खातंय घरीच."

शर्यत नदीकाठापासून देवळापर्यंत. मंगळू वादळला उसातूनच परस्पर नदीकडे घेऊन गेला. शर्यत सुटायच्या आत लालीला घरी न्यायची असं मी ठरवलं होतं, पण ती जागची हलेना. तिच्यापुढे कापडावर अजून गुळाचा ढीग होता. मी दोर ओढतेय, ती मान वळवून पुन्हा ढिगात तोंड घालतेय. तेवढ्यात नदीकडे फटाका वाजला.

आणि वादळ आला. मी खोटं सांगत नाही, तसा पळणारा घोडा मी पुन्हा पाहिला नाही. बाकीचे घोडे धुळीत कुठेतरी मागे होते. मालक फेटा हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. शेवटची दोरी अगदी समोर आली. तिथे वादळला गुळाचा वास आला. सकाळपासून पोटात काही नाही, त्यात जत्रेतल्या वाजंत्रीचा आवाज. जत्रा म्हणजे गूळ, हे त्याला आम्हीच शिकवलेलं. मंगळूने लगाम ओढला, शिव्या दिल्या. वादळ दोरी सोडून आडवा वळला, माणसं पांगवत लिंबाखाली आला, आणि लालीच्या शेजारी उभा राहून त्याने ढिगात तोंड खुपसलं.

मागून फकिराची तट्टाणी टुकूटुकू आली आणि दोरी ओलांडून गेली.

सगळी जत्रा लिंबाकडे बघत होती. एकाच कपाळाचे दोन वादळ एकाच ढिगातून खात होते. त्यातल्या एकाच्या पट्ट्याचा चुना घामाने नाकावर ओघळला होता. एक म्हातारा मान हलवत म्हणाला, "खंडेराव खरंच सांगत होता, लय मोठ्या घराण्यातला हाय. भाऊबंदबी आलेत."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. आम्ही गूळ भलत्यालाच चारला, म्हणजे आमचे नारळ लागू झालेच नाहीत, परत द्या, असं सगळे म्हणायला लागले. पंच डोकं खाजवत बसले. फकिरा शांतपणे म्हणाला की त्याने आणि त्याच्या बायकोने आपापला नारळ टाकून आपल्याच तट्टाणीला आपल्याच हाताने चारलं होतं, आणि तट्टाणीच्या टोपलीत दुसऱ्या कोणाचाच नारळ नव्हता. पंचांनी माना डोलावल्या. संध्याकाळी फकिरा सगळे नारळ ट्रॉलीत भरून घेऊन गेला. तट्टाणी मागे मोकळी चालत होती.

मालक माझ्याकडे आले. मला वाटलं आता चारचौघांत काहीतरी ऐकावं लागणार. पण त्यांनी वादळचा दोर सोडला, त्याच्या तोंडाला लागलेला गूळ उपरण्याने पुसला आणि दोर पुंजारामपुढे धरला. पुंजाराम मागे सरला. म्हणाला, नको. त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं की त्याचाही नारळ वादळच्याच टोपलीत होता, आणि जो स्वतः हरला त्याने जिंकल्याचं काय घ्यायचं.

"शब्द दिलाय," मालक म्हणाले. "धर."

"दाजी, दोरीपर्यंत तोच पुढं होता."

"धर म्हणतो ना."

पुंजारामने दोर धरला. त्या संध्याकाळी दोन्ही घोडे एकाच टेम्पोतून नाशिक रोडला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालक सवयीने उठले आणि घोड्याच्या मोकळ्या ठाणापुढे जाऊन उभे राहिले. मी दारातून बघत होते. आता हे परत येऊन पडणार, असं धरून मी चूलही पेटवली नव्हती. ते आत आले, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि म्हणाले की तुझ्या भावाला घोड्याला कधी काय चारावं याची अक्कल नाही, बस कितीची आहे?

तेव्हापासून त्यांचं ते नाशिक रोडला जाणं सुरू झालं. लग्नसराईत वादळचा दोर त्यांच्याच हातात असायचा. दुसऱ्या कोणी धरला तर तो चालायचा नाही, असं पुंजाराम सगळ्यांना सांगायचा. मला ते खरं वाटत नाही, पण मी कधी विचारलं नाही. वरातीत घोड्याला पळायचं नसतं आणि ज्याला त्याला काहीतरी चारायचं असतं. वादळला ते काम फार मानवलं. मालक प्रत्येक नवऱ्या मुलाला खोगिरावर बसवताना सांगायचे की याचा बाप मुंबईला पळायचा. मग त्याच्या भाड्याचा भाव चढला, आणि भर वरातीत, बँडच्या आवाजावर आवाज चढवून, दोघे मेव्हणे पुन्हा भांडायला लागले. पुंजाराम म्हणायचा की लोक घोड्याला नको इतकं डोक्यावर घेतात. मालक म्हणायचे की त्या दिवशी दोरीपर्यंत पुढे कोण होता ते सांग.

अशा दोन लग्नसराया झाल्या. मालक, म्हणजे खंडेराव, दोन हजार पंचवीस सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला सकाळी वारले.