न चाखलेली बरणी

सोमवारी सकाळी मी माझी बरणी उघडली आणि तशीच मागे सरले. आंबवायला ठेवलेली कोबी आणि गाजरं पाण्याच्या वर तरंगत होती, त्यांच्यावर गुलाबी बुरशी धरली होती आणि वासाने नाकाला पदर लावावा लागला. आंबट वास वेगळा, कुजका वेगळा. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर एवढं तरी कळतं.

अशीच दुसरी बरणी शुक्रवारी मी अक्षताला दिली होती. अक्षता माझी जुनी विद्यार्थिनी. तिला सातवा महिना लागलाय आणि आंबटाचे डोहाळे लागलेत.

कृतीत स्पष्ट लिहिलं होतं: किलोभर भाजीला वीस ग्रॅम मीठ, आणि भाजी पाण्याखाली दाबून ठेवा. मी दहाच ग्रॅम घातलं, दाबायला वर काही ठेवलंही नाही. आमच्या ह्यांचं ब्लडप्रेशर वाढल्यापासून माझा हात मिठाच्या डब्यातून अर्ध्यावरच परत येतो. आमटीत ते चालतं. इथे मीठच राखणदार होतं आणि मी त्यालाच अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. बरं, देण्याआधी झाकण उघडून पाहावं, तर तेही नाही. दुसऱ्याला द्यायची वस्तू उष्टी करायची नाही, हे आईने अंगात भिनवलेलं. मंडईतून भाजी पारखून आणणारी मी, बरणी मात्र न चाखता देऊन आले.

फोन लावला. अक्षता उचलेना. पाच वेळा लावला. मला रडूच यायला लागलं.

"अहो, तिने खाल्लं असेल तर?" मी ह्यांना विचारलं.

"इथे उभं राहून कळणार आहे का? रिक्षा पकड," हे म्हणाले.

येरवड्याला अक्षताच्या घरी पोचेपर्यंत मी प्रत्येक सिग्नलला शिव्या घातल्या. मनात एकच चित्र येत होतं आणि ते मी पुरं होऊ देत नव्हते.

दार अक्षताच्या सासूबाईंनी, जयाताईंनी उघडलं. माझी नजर थेट ओट्यावर गेली. बरणी तिथेच होती, निम्मी रिकामी.

"अक्षता कुठाय?" मी चपला न काढताच विचारलं.

"आत झोपलीय. फोन सायलेंटवर असेल. का हो बाई?"

"हे तिने खाल्लं?"

"छे. पोटुशीला घरात आलेली नवी वस्तू मी लगेच देत नाही. तीन दिवस मी खाते, मग तिला. आज जेवताना वाढणार होते, पण म्हटलं, राहू दे."

मी मटकन खुर्चीत बसले. देवाचे आभार मानायला हात जोडले आणि मगच मला ऐकलेलं नीट कळलं.

"तुम्ही तीन दिवस खाल्लंत?"

"वर जरा गुलाबी दिसलं. म्हटलं, गाजराचा रंग सुटला असेल आणि वास आंबटाचा. काढून टाकलं." त्यांनी पोटावर हात ठेवला. आत्ता पाहिलं तर चेहरा पांढरा पडला होता, ओठ सुकलेले. "कालपासून पोट बिघडलंय. पाचसहा वेळा उठले. लेकाला, राकेशलासुद्धा सांगितलं नाही. तुम्ही एवढ्या हौसेनं दिलेलं, उगाच तुमच्यावर यायला नको."

बरणी पिशवीत घातली, त्यांना धरून खाली आणलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना मी मिठापासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी सलाईन लावलं. म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघू. आत्ता काही सांगत नाही."

मी पलंगाशी बसून थेंब मोजत राहिले. जयाताईंचा हात गार लागत होता. त्यांनी डोळे उघडले.

"बाई, तुम्ही आधी खाऊन बघितलं नव्हतं?"

रागाने नाही, साधं विचारलं त्यांनी. उष्ट्याचं कारण ओठांवर आलं होतं, ते मी बाजूला ठेवलं. "नाही बघितलं," मी म्हणाले आणि त्यांचा हात धरून ठेवला.