रिकाम्या खणाचा पत्रा

"सही कुठं करू साहेब? इथं?" फिल्टरकाकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि खुलाशावर सावकाश सही केली. 'फिल्टर वेळेवर साफ झाला नाही, ही चूक माझी.' शेजारी उभे असलेले कार्डमास्तर ती सही बघत होते. चूक काकांची नव्हतीच. ती मास्तरांच्या पिशवीत, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली होती.

टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांना कार्डमास्तर म्हणत, कारण रॅकमधलं कुठलं सर्किटचं कार्ड कुठल्या खणात ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. वर वीजपुरवठ्याची कार्डं. मधोमध दोन जुळी नियंत्रण कार्डं, एक राबणारं आणि दुसरं त्याच्या जागी उभं राहायला तयार. दोन्ही अंगांना ग्राहकांच्या लाइनींची कार्डं, तळाशी पंखे आणि त्यांच्याखाली धूळ अडवणारा फिल्टर, जो साफ करायचं काम काकांचं. उजवीकडचे तीन खण रिकामे होते, त्यांवर नुसता पंजाएवढा रुंद पत्रा.

गेल्या वर्षी बायको म्हणाली होती, "अहो, गरम पातेल्यांनी टेबलाची पार वाट लागलीय. खाली ठेवायला काहीतरी आणा ना."

मास्तरांनी रॅकचा तो पत्रा काढून घरी आणला. रिकाम्या खणाला झाकण कशाला, असं त्यांना वाटलं. पंख्यांची हवा कार्डांमधून वर चढायची तर समोरची बाजू बंद लागते, हे सगळं पाठ असलेल्या माणसाला त्या दिवशी आठवलं नाही, किंवा त्याने आठवू दिलं नाही. हवा वर्षभर त्या उघड्या खणांतून पळत राहिली, शेजारचं कार्ड भाजत राहिलं आणि मागच्या सोमवारी भर दुपारी गेलं. अठ्ठेचाळीस फोन बंद पडले, त्यात दवाखान्याचाही. कुणाचं काही बरंवाईट झालं नाही हे नशीब. मास्तर तीनदा दवाखान्यात जाऊन विचारून आले होते.

साहेबांनी फिल्टर उपसून पाहिला, तर धूळ निघाली. ती कुठल्या फिल्टरमधून निघत नाही? पण कारण सापडल्यावर पुढे कोण शोधतो! उघडे खण तर एव्हाना सगळ्यांच्या नजरेला सरावले होते. आज काकांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता, आणि इतक्या वर्षांत हा पहिलाच डाग.

जिन्यापाशी मास्तरांनी त्यांना गाठलं. "काका, ते कार्ड..."

"गेलं ते गेलं. घरी सगळे बरे ना?"

"बरे आहेत."

काकांनी खिशातून एक पुडी काढली. "हे घे. गेल्या वर्षी रॅकच्या माथ्यावर सापडले. म्हटलं, ज्याचे असतील तो मागेल."

पुडीत चार स्क्रू होते. मास्तरांची मान खाली गेली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग सही का केलीत?"

"वर्षभर ते भगदाड बघत होतो की रे मीसुद्धा. म्हटलं, मास्तर आहे, त्याला कळतं आपल्यापेक्षा. बोललो असतो तर कार्ड वाचलं असतं. सही काही अगदीच खोटी नाही." काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि डबा उचलून जिना उतरले.

मास्तर रॅकपाशी आले आणि पिशवीतल्या टॉवेलातून त्यांनी पत्रा काढला. त्यावर पातेल्याच्या बुडाचा काळा अर्धगोल उमटला होता. डाग आतल्या बाजूला करून त्यांनी पत्रा बसवला. चारही स्क्रू बिनबोभाट बसले. पत्रा जणू कधी हललाच नव्हता. आता जन्मात कुणाला कळणार नव्हतं, आणि याचीच मास्तरांना भीती वाटली.

त्यांनी चारही स्क्रू पुन्हा काढले.

साहेबांच्या टेबलावर खुलासा तसाच पडला होता. मास्तरांनी पत्रा त्याच्यावर, बरोबर काकांच्या सहीवर ठेवला, डाग वर करून.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"माझा खुलासा," मास्तर म्हणाले. "आणि साहेब, जरा लवकर ऐकून घ्या. मला हा परत नेऊन बसवायचाय."